सुटी शहराची, जागरण श्वानगृहाचे

दिवाळीच्या सुटीसाठी कोकणातील आणि राजस्थानातील हॉटेलांची आरक्षणे संपू लागली, की पुण्याच्या आसपास भूगाव, पिरंगुट, वाघोली या पट्ट्यातील आणखी एका प्रकारच्या निवासाच्या वह्याही भरत आलेल्या असतात. मुंबईकरांसाठी हाच पट्टा बदलापूर, कर्जत, वसई असा असतो. येथे मुक्कामाला येणारे पाहुणे चार पायांचे असतात आणि त्यांना कोणी सुटीवर नेलेले नसते. घरच्यांच्या सुटीत त्यांचा अडसर होऊ नये, म्हणून त्यांना येथे आणलेले असते. 'डॉग हॉस्टेल' किंवा नुसते 'बोर्डिंग' या नावाने ओळखली जाणारी ही श्वानगृहे बहुतेक ठिकाणी एखादे कुटुंबच चालवते. नवरा-बायको, हाताशी आलेला मुलगा, कधी सून, आणि मदतीला एक-दोन गडी. शहरातील मध्यमवर्गाच्या जगण्यातील एक मोठी गरज हा छोटा व्यवसाय भागवतो. पण त्याची ना धोरणात नोंद आहे, ना चर्चेत.

गेल्या काही वर्षांत श्वानांविषयीची चर्चा तशी कमी झालेली नाही. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने पिटबुल, रॉटवायलरसह २३ जातींवर बंदी घालण्याचे परिपत्रक काढले आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्दबातल ठरविले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलण्याचा आदेश दिला, अकरा दिवसांत त्यात बदल केला आणि देशभर वादाचा धुरळा उडाला. या वादांत एका बाजूला रस्त्यावरचे कुत्रे असते आणि दुसऱ्या बाजूला घरातले. घर आणि रस्ता यांच्या मधल्या जागेत, म्हणजे पैसे देऊन परक्याच्या हवाली केलेल्या श्वानाचे काय होते, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

त्या जागेतला दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. शेड धुणे हे पहिले काम. रात्रभर कोंडलेल्या वीस-पंचवीस श्वानांना आधी मोकळ्या जागेत सोडायचे, तेही एकदम नव्हे. कोणाचे कोणाशी पटते याचा हिशेब डोक्यात ठेवून, पाळीपाळीने. मग पाण्याचा पाइप आणि खराटा. केवळ फिनाईलचा वास आला म्हणजे जागा स्वच्छ झाली, हा घरगुती समज येथे महागात पडतो. पार्व्हो या आतड्याच्या रोगाचा विषाणू अनेक सर्वसाधारण जंतुनाशकांना दाद देत नाही आणि जमिनीत महिनोन् महिने तग धरतो. त्यासाठी योग्य प्रमाणात पातळ केलेले ब्लीच लागते, ते काही मिनिटे फरशीवर राहू द्यावे लागते आणि नंतर पुन्हा धुवावे लागते. जाणते श्वानगृहवाले म्हणूनच मातीचे अंगण फार मोठे ठेवत नाहीत. ग्राहकाला मात्र हिरवळ आवडते.

त्यानंतर जेवणे. प्रत्येक पाहुण्यासोबत त्याच्या घरची एक चिठ्ठी आलेली असते. एकाला पोळीला तूप लागते, दुसऱ्याला विशिष्ट कंपनीचे कोरडे खाद्यच चालते, तिसऱ्याच्या घरी मांसाहार वर्ज्य असल्याने तो पिल्लूपणापासून दहीभातावर वाढलेला असतो आणि शेजारच्या जाळीतील कोंबडीच्या वासाने पहिल्यांदाच व्याकुळ होतो. पहिल्या दिवशी अनेक श्वान अन्नाला तोंडही लावत नाहीत. अशा वेळी घरातील बाईच बहुधा जवळ बसून हाताने दोन घास भरवते. या कामाचा दर कोठल्याही दरपत्रकात नसतो. एका दिवसाच्या भाड्यात जागा, अन्न आणि फिरवणे एवढेच धरलेले असते. ग्राहक प्रत्यक्षात ज्याची अपेक्षा ठेवतो, ते भाड्यात मावत नाही.

अलीकडे त्यात मोबाइलची भर पडली आहे. पूर्वी मालक चार दिवसांनी एखादा फोन करीत. आता सकाळ-संध्याकाळ चित्रफीत पाठवावी लागते. राजस्थानच्या किल्ल्यावर उभे राहून आपला लॅब्राडोर शेपटी हलवतो आहे की नाही, हे पाहायचे असते. शेपटी हलली नाही, तर प्रश्नांची सरबत्ती. काळजी खोटी नसते, हे खरे. परंतु पंचवीस श्वानांच्या पन्नास चित्रफिती काढण्यात जाणारा वेळ हा त्यांच्याकडे लक्ष देण्याच्या वेळातूनच वजा होतो. कॅमेऱ्यासमोर श्वान आनंदी दिसावा म्हणून त्याला बिस्किट दाखवण्याची युक्ती या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे.

खरा कस लागतो तो आजारपणात. गोचिडीमुळे होणारा एर्लिकिया हा ताप आपल्याकडे सर्रास आढळतो. गोचीड चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण एक ते तीन आठवडे जातात. म्हणजे श्वानगृहात आठ दिवसांच्या मुक्कामात ताप आला, तर त्याचे मूळ बहुधा मालकाच्याच सोसायटीच्या बागेत असते. आणि श्वानगृहात गोचीड चावली, तर ताप घरी परतल्यावर येतो. दोन्ही प्रसंगी ठपका मात्र श्वानगृहावरच येतो. केनेल कफ या सांसर्गिक खोकल्याचेही तसेच. शाळेत जसा एका मुलाचा सर्दी-खोकला वर्गभर होतो, तसा तो पसरतो. लसीकरणाचे कार्ड पाहिल्याशिवाय श्वान आत घ्यायचा नाही, हा नियम म्हणूनच हवा. पण दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी, दारात गाडी उभी, सामान बांधलेले, मुले मागच्या सीटवर, आणि कार्डावरची तारीख उलटून गेलेली, अशा वेळी नेहमीच्या ग्राहकाला परत पाठविण्याचे धैर्य किती जणांत असते? वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा दिवाळी, नाताळ आणि मे महिना या तीन हंगामांत मिळवायचा असतो.

उन्हाळ्याचा हंगाम तर आणखी अवघड. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग झळकला आणि शहराशहरांतून या चपट्या नाकाच्या जातीला मागणी आली. त्यापुढे हस्कीसारख्या बर्फाळ प्रदेशातील जातीही आल्या. श्वान धापा टाकून शरीर थंड करतो. चपट्या नाकाच्या श्वानाला तेच नीट जमत नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याच्या शेडमध्ये त्याची प्रकृती अर्ध्या तासात हाताबाहेर जाऊ शकते. मोठ्या जातींत जेवणानंतर पोट फुगून पिळा पडण्याचा आजार असाच घातक, काही तासांत जीव घेणारा. रात्री अकरा वाजता हे ओळखायचे आणि पंधरा-वीस किलोमीटरवर शहरात उघडा असलेला दवाखाना गाठायचा, ही जबाबदारी ज्या कुटुंबावर असते, त्यातील कोणीही पशुवैद्यकाचे शिक्षण घेतलेले नसते. शहराची सुटी असते तेव्हा यांना घर सोडता येत नाही. नात्यातली लग्ने मेमध्येच असतात आणि त्यांतून एकाला नेहमीच मागे राहावे लागते. फटाक्यांच्या रात्री तर घरातील कोणी ना कोणी शेडमध्येच पथारी टाकतो. घाबरलेला श्वान जाळीवर दात-नखे मोडून घेतो. गुंगीचे औषध देऊन त्याला झोपवणे सोपे, पण वैद्याच्या सल्ल्याशिवाय तेच जिवावर बेतू शकते.

आता कायद्याकडे वळू. २०१७ साली केंद्राने श्वानांच्या पैदाशीविषयी व विक्रीविषयी नियम केले. त्यात 'पैदासकार' या शब्दाच्या व्याख्येतच श्वानगृह चालविणाऱ्यालाही बसविण्यात आले असून, त्यानेही राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी अशी अपेक्षा आहे. हेतू चांगला असेल. पण नियमांचा सारा रोख पिल्ले जन्माला घालणाऱ्यांवर आणि विकणाऱ्यांवर आहे. मादीची किती वेळा वीण करावी, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये, हे त्यांचे विषय. लसीकरणाचे कार्ड तपासणे, आजारी श्वान वेगळा ठेवणे, एका माणसामागे किती श्वान असावेत, रात्री वैद्यकीय मदत कशी मिळवावी, मालक आला नाही तर काय करावे, हे श्वानगृहाचे रोजचे प्रश्न या चौकटीत गौणच राहतात. जो पैदास करीत नाही, त्याला पैदासकार म्हणून नोंदवायचे आणि त्याच्या खऱ्या कामाकडे मात्र पाहायचे नाही, असा हा प्रकार आहे. साहजिकच अनेकांना आपण या नियमाखाली येतो हेच ठाऊक नसते.

इंग्लंडमध्ये श्वानगृहांसाठी १९६३ पासून स्वतंत्र कायदा होता. २०१८ साली त्याची जागा नव्या परवाना पद्धतीने घेतली. तेथे स्थानिक प्रशासनाचा अधिकारी पाहणी करतो, एक ते पाच तारे देतो आणि त्यानुसार परवान्याची मुदत एक ते तीन वर्षे ठरते. स्वतःच्या घरी श्वान सांभाळणाऱ्यांनाही तो लागू आहे. आपल्याकडे फ्लॅटमध्ये चार-पाच परके श्वान ठेवणारे 'होम बोर्डिंग' वाढते आहे. त्यांचा तर कोणालाच पत्ता नसतो. इंग्लंडचे अनुकरण जसेच्या तसे करता येणार नाही. त्यासाठी लागणारे निरीक्षक आपल्या महापालिकांकडे नाहीत, ग्रामपंचायतींकडे तर नाहीतच. तरी ग्राहकाला निदान दर्शनी भागात लावलेला एक कागद दिसावा, एवढी व्यवस्था अशक्य कोटीतली म्हणता येत नाही.

तोपर्यंत मालक आणि श्वानगृह यांच्यातील तंटे १८७२ च्या करार कायद्यावरच सोपवलेले आहेत. श्वान ही कायद्याच्या नजरेत जंगम मालमत्ता. ती दुसऱ्याच्या ताब्यात दिली, की सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी त्याने घ्यावी, असे कलम १५१ सांगते. याच प्रकरणात एक गमतीचे उदाहरण आहे. सांभाळायला दिलेल्या गाईला वासरू झाले, तर गाईबरोबर वासरूही मूळ मालकाला परत द्यावे, असे ते सांगते. मुक्कामात एखादी मादी व्यालीच, तर पिल्लांचा निकाल या गाईच्या आधारे लावता येईल. परंतु बारा वर्षांचा म्हातारा श्वान मुक्कामात नैसर्गिकरीत्या गेला, तर 'सर्वसाधारण शहाणपणा' म्हणजे नेमके काय, यावर ग्राहक मंचापुढे वर्षानुवर्षे भांडता येते. श्वानगृहांचे छापील अर्ज बहुधा 'कोणत्याही अपघातास आम्ही जबाबदार नाही' या एका वाक्यावर भिस्त ठेवतात. निष्काळजीपणा सिद्ध झाला तर या वाक्याने सुटका होईल, अशी खात्री देता येत नाही. त्यापेक्षा आणीबाणीत किती रुपयांपर्यंत उपचार करावेत, कोणत्या डॉक्टरकडे न्यावे, मालकाशी संपर्क झाला नाही तर निर्णय कोणाचा, हे आधी लिहून घेणे दोघांच्याही हिताचे. हा अर्ज भरताना मालकांच्या कपाळाला आठ्या पडतात, म्हणून तो भरून घेतलाच जात नाही.

मुक्काम लांबण्याची कारणेही शहराच्या इतिहासाशी जुळलेली आहेत. पुण्यात ज्यांची मुले अमेरिकेत आहेत अशी आजी-आजोबांची एक पिढी आहे. नातवंडाच्या बाळंतपणासाठी ती सहा-सहा महिने तिकडे जाते आणि तितकाच काळ घरचा श्वान श्वानगृहात राहतो. परत आल्यावर त्याने ओळख दाखविली नाही, म्हणून डोळ्यांत पाणी येणारे आजोबा असतात. तशीच ओळख दाखवून धाव घेणारे श्वानही असतात, आणि मग सहा महिने ज्यांनी हाताने भरविले त्या घरात दोन दिवस कोणी नीट जेवत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा चार दिवसांसाठी ठेवलेले श्वान महिनोन् महिने राहिले. जिल्ह्यांच्या सीमा बंद, मालक अडकलेले, खाद्य मिळत नाही आणि पुढचे भाडे कोण देणार हे ठाऊक नाही.

तरी ते मालक परत आले. जे येतच नाहीत, त्यांचे काय? आधी आगाऊ रक्कम भरली जाते, मग फोन उचलणे कमी होते आणि एके दिवशी तो क्रमांकच अस्तित्वात नसतो. प्राण्यास सोडून देणे हा १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा असला, तरी त्यात पहिल्या गुन्ह्यासाठी लिहिलेला दंड दहा ते पन्नास रुपये आहे. तो वाढविण्यासाठी केंद्राने २०२२ साली सुधारणांचा मसुदाही जाहीर केला होता. शिवाय श्वान उपाशी मरेल अशा स्थितीत सोडला, हे सिद्ध करायचे कसे? श्वानगृहवाला तर त्याला रोज खाऊ घालतो आहे. त्याच्या चांगुलपणामुळेच गुन्हा सिद्ध होणे अवघड व्हावे, असा हा पेच आहे. अनेक श्वानगृहांत एक-दोन जाळ्या अशा न नेलेल्या श्वानांनी अडवलेल्या असतात. त्यांचे भाडे येत नाही आणि त्यांना रस्त्यावर सोडवतही नाही.

या साऱ्याच्या वर जमिनीचा प्रश्न आहे. सोसायट्यांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या सूचनांत स्पष्ट केले, त्यामुळे शहरात श्वान वाढले. श्वानगृहाला मात्र शहरात जागा नाही. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. बंदिस्त शेडमध्ये वीस श्वान एकदम भुंकले तर आवाज शंभरच्या पुढे जातो. म्हणून ही कुटुंबे शेताच्या कडेला गेली. पण ज्या माळावर पंधरा वर्षांपूर्वी एकही घर नव्हते, तेथे आज बारा मजली इमारती उभ्या आहेत आणि नव्या रहिवाशांचे तक्रारअर्ज ग्रामपंचायतीत पडू लागले आहेत. अर्जावर सह्या करणाऱ्यांपैकी काहींचे श्वान दिवाळीत त्याच शेडमध्ये असणे अशक्य नाही. जमिनीला आलेला भाव पाहता मुलगा वडिलांना प्लॉट विकून पौडच्याही पलीकडे जाण्याचा आग्रह करतो. तेथे जागा स्वस्त आहे, तक्रार करायला कोणी नाही, आणि रात्री उघडा असलेला दवाखाना मात्र आणखी पंधरा किलोमीटर दूर आहे.