मसण आणि सिमेटरी

गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या महिन्यात, कबरींवर आशीर्वादाचे पाणी शिंपडीत असता एका मातेने आम्हांस हळूच म्हटले, "फादर, मसण म्हणू नका हो. माझं लेकरू तिथं आहे." शब्द आमच्या तोंडून सहज गेला होता. आम्ही वरमलो.

पुढे सुरतेस जाण्याचा योग आला, तेव्हा तोच शब्द पुन्हा मनात घोळू लागला. तेथील इंग्रजांच्या दफनभूमीत १६५९ साली वारलेले क्रिस्टोफर ऑक्झेंडन व १६६९ साली वारलेले त्यांचे बंधू सर जॉर्ज एकाच भव्य वास्तूत विसावले आहेत. शिवाजी महाराजांनी १६६४ साली सुरतेवर स्वारी केली, तेव्हा इंग्रजांची वखार राखणारे ते हेच जॉर्ज. डचांच्या दफनभूमीत १६९१ साली वारलेल्या व्हॅन ऱ्हीड यांची घुमटाची कबर आहे. मलबारच्या वनस्पतींवर त्यांनी बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला. (त्या कामी कार्मेलाइट संघाचे फादर मॅथ्यू यांचे साहाय्य होते, हे आपल्या लोकांस क्वचितच ठाऊक असते.) घुमट अजून उभे आहेत; खाली जे ठेवले होते, ते मातीने केव्हाच आपलेसे केले.

'मसण' हे 'श्मशान' याचेच प्राकृतातून आलेले रूप. निरुक्तकार यास्क म्हणतो, 'श्म' म्हणजे शरीर, आणि श्मशान म्हणजे शरीराचे शयनस्थान. आजच्या पंडितांत याविषयी एकमत नाही. 'शरीर' हा शब्द मात्र तो मोडणे, झिजणे या अर्थाच्या धातूपासून काढतो. जे झिजते, ते शरीर!

आता आपली 'सिमेटरी' पाहा. हा शब्द मूळचा ग्रीक. अर्थ, झोपण्याची जागा. दफनभूमीस हे नाव दिले ते ख्रिस्ती लोकांनी. लाजरस झोपी गेला आहे असे प्रभू येशू म्हणाला, तेथे मूळ ग्रीक शुभवर्तमानात याच कुळातील क्रियापद आहे. शिष्यांना ते साध्या झोपेविषयी वाटले, तेव्हा प्रभूने तो मेला आहे असे उघड सांगितले. चार दिवस झाले, आता दुर्गंधी येत असेल, हे मार्थेनेही लपविले नाही. तरी प्रभूने धोंड काढविली.

सुरतेहून परतल्यावर त्या मातेस आम्ही हे सारे सांगितले. यास्क वगैरे तिने ऐकून घेतले, इतकेच. मग म्हणाली, "म्हणजे निजायची खोलीच की, फादर." थोडे थांबून पुन्हा म्हणाली, "त्याला अंधाराची भीती वाटायची. मेणबत्ती लावून येते."