नफा त्यांचा, विष जनतेचे

मेक्सिकोतील तिहुआना शहरात एका अमेरिकी कंपनीचा जुन्या बॅटऱ्यांतून शिसे काढण्याचा कारखाना होता. १९९४ साली तेथील शासनाने त्यास टाळे ठोकले. मालक सीमा ओलांडून स्वदेशी परतला. हजारो टन विषारी धातुमळ मात्र उघड्यावर पडून राहिला. टेकडीच्या पायथ्याच्या चिल्पान्सिंगो वस्तीतील माताभगिनींनी चिवट लढा दिला, तेव्हा कुठे २००४ साली सफाईचा करार झाला. खर्चाचा मुख्य भार पडला तो मेक्सिकोच्या तिजोरीवर. मुक्त व्यापाराने मालास वाट दिली, न्यायास नाही.

हे परदेशीचे दुखणे म्हणून स्वस्थ बसता येत नाही. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर युनियन कार्बाइडच्या आवारातील ३३७ टन कचरा हलविण्यास २०२५ साल उजाडले. त्याच वर्षी केंद्र शासनाने प्रदूषित स्थळांसाठी नियम केले. प्रदूषण करणाऱ्याकडूनच खर्च वसूल करण्याचे त्यांतील तत्त्व स्वागतार्ह आहे. परंतु पळालेल्याकडून वसुली कशी होणार? म्हणून परवाना देतानाच सफाईची अनामत ठेवून घेतली पाहिजे. भूमीला माता म्हणायचे आणि तिच्या कुशीत विष पुरणाऱ्यास मोकळे सोडायचे, हा करंटेपणा ठरेल.