विश्लेषण : पौष्टिक आहार कळतो, पण परवडतो का?

‘भाज्या-फळे भरपूर खा, साखर-मीठ कमी करा’ हा सल्ला आता व्हॉट्सॲपपासून दवाखान्याच्या भिंतीपर्यंत सगळीकडे दिसतो. तरीही देशात एकीकडे कुपोषण हटत नाही आणि दुसरीकडे लठ्ठपणा वाढतो आहे. गरिबांना आहारातले कळत नाही, म्हणून ते चुकीचे खातात, असे सर्रास मानले जाते. उत्पन्नाचा आहाराविषयीच्या माहितीशी संबंध आहेच, पण तो इतका सरळ नाही.

चौरस आहार म्हणजे नेमका किती?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराविषयी १७ मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. दिवसाला दोन हजार कॅलरी लागणाऱ्या व्यक्तीसाठी त्यात ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, २५० ग्रॅम तृणधान्ये, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मांस, ३५ ग्रॅम दाणे आणि तेलबिया, ३०० मिलिलिटर दूध व २७ ग्रॅम तेल-तूप असे प्रमाण सुचवले आहे. देशातील आजारांच्या एकूण भारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहारामुळे असल्याचेही संस्थेने म्हटले आहे.

उत्पन्नाचा माहितीशी संबंध कसा?

उत्पन्नाबरोबर शिक्षण, स्मार्टफोन, इंग्रजीची ओळख आणि वेळ देणारा डॉक्टर मिळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या महिलांचे प्रमाण शहरांत ५१.८ टक्के, तर ग्रामीण भागात २४.६ टक्के होते. सुस्थितीतील कुटुंब रक्तातील साखर वाढताच आहारतज्ज्ञाकडे जाते. रोजंदारीवरच्या कुटुंबासाठी अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती आणि टीव्हीवरच्या जाहिराती हेच माहितीचे मुख्य मार्ग असतात. त्यातही अंगणवाडीचा सल्ला प्रामुख्याने गरोदर व स्तनदा माता आणि लहान मुलांपुरता असतो. चाळिशीतल्या मजुराला मीठ कमी करायला सांगणारे सहसा कोणी नसते.

पाकिटावर सगळे छापलेले असते ना?

असते, पण ते वाचता यायला हवे. नियमानुसार वेष्टनावरील मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असावा लागतो. मराठी वा अन्य भाषा वापरण्यास मुभा आहे, सक्ती नाही. उष्मांक, साखर, मेद, सोडियम यांचे तक्ते बारीक अक्षरांत मागच्या बाजूला असतात. सोडियम म्हणजे मीठ, हे ठाऊक नसेल तर त्या आकड्याचा उपयोग नाही. शिवाय अगदी लहान वेष्टनांना पोषणमूल्यांच्या तक्त्यातून सूट आहे. तो मोठ्या खोक्यावर असला तरी चालतो. ते खोके दुकानदाराकडे राहते. कमी पैशांत सुटी, छोटी पाकिटे घेणाऱ्याच्या हाती माहिती पडतच नाही.

माहिती मिळाली तर ताट बदलेल?

इथे हिशेब आडवा येतो. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागातील तळाच्या पाच टक्के लोकांचा दरडोई मासिक खर्च सरासरी १,६७७ रुपये होता. म्हणजे दिवसाला सुमारे ५६ रुपये आणि त्यात अन्नाबरोबर औषधे, कपडे, प्रवास, शाळा असे सगळे आले. मोफत मिळणाऱ्या धान्याची किंमत यात धरलेली नाही.

आता पोषण संस्थेचे ताट मांडून पाहू. भाजी ५० रुपये किलो धरली, तर ४०० ग्रॅमचे २० रुपये. दूध ५५ रुपये लिटर धरल्यास ३०० मिलिलिटरचे साडेसोळा. डाळ १२० रुपये किलोने सुमारे १०, फळे १०० रुपये किलोने १० आणि शेंगदाणे १४० रुपये किलोने जवळपास ५ रुपये. बेरीज ६२ रुपयांच्या आसपास जाते. तेल, मसाला, गॅस अजून बाकीच आहे. रेशनवर दरमहा माणशी पाच किलो धान्य मोफत मिळते आणि त्याने पोट भरते. मात्र डाळ, भाजी, दूध विकतच घ्यावे लागते. महिनाअखेरीस या कुटुंबाच्या ताटात भात जास्त आणि वरण पातळ असते ते अज्ञानामुळे नव्हे.

गरिबांकडे आहारज्ञान नसतेच का?

माहिती मोजताना बहुधा कॅलरी, प्रथिने, जीवनसत्त्वे हे शब्द ठाऊक आहेत का, हे पाहिले जाते. पालघर किंवा नंदुरबारमधील आदिवासी महिलेला टाकळा, कुर्डू, शेवळे, करटोली कधी उगवतात आणि कशी शिजवायची, हे नेमके माहीत असते. नाचणीची आंबील, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी हे कष्टकऱ्यांचेच अन्न होते. रेशनवर गहू-तांदूळ आल्यावर त्यांच्या ताटातून भाकरी मागे पडत गेली. तीच नाचणी आज शहरात आकर्षक पाकिटांतून चढ्या दराने विकली जाते.

सुस्थितीतील लोक योग्य खातात का?

माहिती आणि पैसा दोन्ही असूनही तसे दिसत नाही. त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वजन जास्त किंवा लठ्ठ असलेल्या महिला शहरांत ३३.२ टक्के, तर ग्रामीण भागात १९.७ टक्के आढळल्या. २०२३-२४ मध्ये शहरी कुटुंबांच्या एकूण खर्चातील ११.०९ टक्के वाटा पेये, उपाहार आणि प्रक्रियायुक्त पदार्थांवर गेला. ग्रामीण भागातही तो ९.८४ टक्क्यांवर पोहोचला आहे. उत्पन्न वाढले की आधी सवयी बदलतात, शहाणपण मागून येते.

मग उपाय कोणता?

अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात गरीब कुटुंबांना श्रीमंतांसारखीच दुकाने आणि दर मिळाले, तरी आहारातील तफावत जेमतेम दहा टक्क्यांनी कमी होईल, असे आढळले. म्हणजे तिथे आवडीनिवडी, शिक्षण आणि माहितीचे वजन मोठे आहे. पण अमेरिकेतील गरिबी आणि ५६ रुपयांची गरिबी एक नव्हे. भारतात दोन्ही आघाड्यांवर काम लागते.

पहिली आघाडी वेष्टनाची. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, मेद जास्त असलेल्या पदार्थांच्या दर्शनी भागावर काळे अष्टकोनी इशारे छापणे सक्तीचे केले. त्यानंतर तिथे इशारा असलेल्या गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासातून दिसले. भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये तारांकनाचा मसुदा आणला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दर्शनी लेबलबाबतच्या शिफारशी तीन महिन्यांत देण्यास सांगितले आणि नंतर मुदत वाढवून दिली. तारे दर्जा दाखवतात, तर इशारा धोका दाखवतो. अक्षरओळख नसलेल्याला दुसरे लवकर कळते.

दुसरी आघाडी थेट ताटाची. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवून लोकसहभागाचा पर्याय सुचवण्यात आला. अंड्यात प्रथिने असतात, हे त्या मुलांना पाठ्यपुस्तकातून शिकवले जातेच. म्हणजे धडा शाळेत राहिला आणि अंडे गावाच्या ऐपतीवर गेले.