दहापैकी दहाचा अर्थ

सर्व्हिसिंग झालेल्या गाडीची किल्ली हातात देताना तो मुलगा आवाज खाली आणून म्हणतो, "काका, दोन दिवसांत कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहाच सांगा. नऊ सांगितले तरी आमचा इन्सेंटिव्ह कापतात." हा अनुभव आता बहुतेकांच्या ओळखीचा झाला आहे. काम बरे झालेले असते, ब्रेकचा आवाज मात्र तसाच असतो. तरीही आपण दहा सांगतो, कारण कुणाच्या पोटावर पाय द्यावा असे वाटत नाही. कंपनीच्या दफ्तरात एका समाधानी ग्राहकाची भर पडते आणि ब्रेकच्या आवाजाची बातमी तिथवर पोचतच नाही.

बँका, रुग्णालये, विमा कंपन्या, आयटी कार्यालये, सगळीकडे आज ग्राहकांना आणि कर्मचाऱ्यांना गुण मागितले जातात. त्या गुणांवर बढत्या ठरतात, माणसे घरी बसतात. म्हणून या आकड्यांवर विश्वास ठेवावा का, हा प्रश्न व्यवस्थापनाच्या वर्गातच सोडून चालणार नाही.

अविश्वासाची बाजू भक्कम आहे. फ्रेड रायकहेल्ड यांनी २००३ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त एक सोपी युक्ती मांडली. ग्राहकाला एकच प्रश्न विचारायचा: आमची शिफारस तुम्ही मित्राला कराल का? उत्तर शून्य ते दहामध्ये द्यायचे. नऊ-दहा देणारे पाठीराखे, सहा आणि त्याखालचे नाराज, सात-आठ देणारे ना इकडचे ना तिकडचे. पाठीराख्यांच्या टक्केवारीतून नाराजांची टक्केवारी वजा केली की कंपनीचा गुणांक मिळतो. पण साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास आणि पंचाहत्तरला डिस्टिंक्शन मानत वाढलेला आपल्याकडचा माणूस मनापासून कौतुक करतो तेव्हाही 'सात' म्हणू शकतो. त्याची दाद हिशेबात धरलीच जात नाही, आणि 'सहा' देणारा तर थेट नाराजांत मोजला जातो. त्यातच गुणांक बोनसला जोडला की तो मोजण्याऐवजी मिळवण्याची वस्तू होतो. पुढे २०२१ मध्ये खुद्द रायकहेल्ड यांनीच या आकड्याच्या गैरवापराविषयी लिहिले.

कर्मचाऱ्यांच्या बाबतीत भिडेची जागा भीती घेते. 'हे सर्वेक्षण गोपनीय आहे' असे वर लिहिलेले असते आणि खाली विभाग, वयोगट, लिंग, नोकरीची वर्षे विचारलेली असतात. सात जणांच्या विभागात पंधरा वर्षे जुनी बाई एकच असेल, तर तिचे नाव विचारण्याची गरजच काय? शिवाय 'तुमचा प्रतिसाद अजून आलेला नाही' अशी आठवण नेमकी तिलाच आली, की फॉर्म कोणी भरला नाही हे वरिष्ठांना दिसते, एवढे तिला कळते. मग ती साहेबाविषयीच्या प्रश्नांना 'सहमत' निवडून मोकळी होते.

एवढे वाचून कुणी म्हणेल, माणसांना विचारूच नका, त्यांची कृती पाहा. कोण नोकरी सोडतो, कोण पुन्हा खरेदी करतो, तेच खरे. पण घराचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस नोकरीत टिकतो म्हणजे तो समाधानी असतो असे नाही. गावात बँकेची एकच शाखा असेल, तर तिथल्या खातेदाराला निष्ठावान म्हणता येत नाही. कृतीलाही अर्थ लावावा लागतो, आणि तो अर्थ शेवटी माणसालाच विचारावा लागतो.

शिवाय सर्वेक्षण कधी कधी पक्क्या समजल्या जाणाऱ्या आकड्यांपेक्षा खरे बोलते. अमेरिकेत टेक्सास सिटी इथे बीपी कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना होता. कामगारांना होणाऱ्या किरकोळ इजांचे तिथले प्रमाण कमी होते आणि कागदावर कारखाना सुरक्षित दिसत होता. २००४ च्या अखेरीस कारखान्याच्या प्रमुखाने बाहेरच्या सल्लागारांकरवी सर्वेक्षण करवले. हजारांहून अधिक कामगारांनी उत्तरे दिली, शंभरावर लोकांच्या मुलाखती झाल्या. आपण कामावर मरू शकतो, ही भीती त्यात लख्ख उमटली. जानेवारी २००५ मध्ये अहवाल आला. २३ मार्चला स्फोट झाला आणि १५ माणसे गेली. कामगार खरे बोलले होते. त्यांचे बोलणे आणि त्यावरची कृती यांत पडलेले अंतर जीवघेणे ठरले.

मग एकीकडे दहापैकी दहा आणि दुसरीकडे टेक्सास सिटी, यांत फरक कशाचा? उत्तरांच्या संख्येचा नाही. साताऱ्याकडच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीककापणीच्या पाहणीत एक गोष्ट दाखवून दिली. शेतात लहान तुकडा आखून कापणी केली की उत्पन्न वाजवीपेक्षा जास्त निघते, कारण कडेवरचे रोप आत धरण्याकडे हात वळतो. तुकडा जितका लहान तितका कडेचा वाटा मोठा आणि चूकही मोठी. असे हजार तुकडे कापले तरी ही चूक हटत नाही, कारण ती सगळी एकाच बाजूला झुकलेली असते. उलट त्यामुळे चुकीच्या आकड्यावर खात्री तेवढी वाढते. ग्राहकांची लाखभर उत्तरेही अशीच एका बाजूला कलू शकतात.

सुखात्म्यांच्या कामातला दिलासाही तिथेच आहे. कल कुठून येतो ते कळले, की मोजणी टाकून द्यावी लागत नाही, सुधारता येते. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनीही बंगालमधल्या तागाच्या पाहण्यांपासून दोन स्वतंत्र पथकांकडून माहिती गोळा करण्याची पद्धत रुजवली. पथकांचे निष्कर्ष जुळले नाहीत, तर दोष मोजणाऱ्यात शोधायचा.

आमचे मत असे: सर्वेक्षणाची विश्वासार्हता दोन गोष्टींवर ठरते. खरे उत्तर देणाऱ्याला त्याची किती किंमत मोजावी लागते? आणि चांगला आकडा आल्यास मोजणाऱ्याच्या पदरात काय पडते? या दोन्ही गोष्टी शून्याजवळ आणल्या तर सर्वेक्षणासारखे साधन नाही. म्हणजे गुण आणि बोनस यांची फारकत करावी. कर्मचाऱ्यांची उत्तरे बाहेरच्या संस्थेने गोळा करावीत आणि लहान गटांचे निकाल वेगळे दाखवू नयेत. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचे पुढे काय झाले, ते विचारलेल्यांना सांगावे. सांगून काही होत नाही असे एकदा पटले, की माणूस खोटेही बोलत नाही, तो नुसता फॉर्म भरतो.

हे करणाऱ्या संस्थेचा गुणांक पहिल्या वर्षी बहुधा घसरेल. त्या घसरणीचे स्वागत करण्याची तयारी हीच खरी परीक्षा. दहाचा सात झाला, तर काम बिघडले असे लगेच समजू नये. ब्रेकच्या आवाजाची बातमी कदाचित आत्ता कुठे पोचली असेल.