विम्याचा पैसा कोणाच्या हाती?

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने विमा कायद्यांत दुरुस्ती करणारे विधेयक मंजूर केले. नाव गोंडस आहे, 'सबका बीमा, सबकी रक्षा'. या कायद्याने विमा कंपन्यांतील विदेशी भांडवलाची मर्यादा 74 टक्क्यांवरून थेट 100 टक्क्यांवर नेली. हा विमा कर्मचाऱ्यांचा प्रश्न, रेल्वे कामगारांनी त्यात का पडावे, असे काही साथी आम्हाला विचारतात. त्याचे उत्तर द्यायलाच हवे.

आधी थोडा इतिहास. 1956 साली अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण केले. त्यापूर्वी कित्येक खाजगी कंपन्या बुडाल्या होत्या. विमेदारांचा पैसा मालक आपल्याच धंद्यात फिरवत होते. म्हणून 245 कंपन्या व सोसायट्या एकत्र करून आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण 1972 च्या कायद्याने झाले.

उलटा प्रवास सुरू झाला तो 1994 च्या मल्होत्रा समितीच्या अहवालापासून. 1999 च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण आले आणि विदेशी भांडवलाला 26 टक्क्यांचे दार उघडले. 2015 साली 49, 2021 साली 74, आता 100. प्रत्येक वेळी "एवढेच, पुढे नाही" असे वाटायला लावले गेले. 2021 सालीच सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांतील सरकारचा किमान 51 टक्के वाटा ठेवण्याची अट कायद्यातून काढली. मे 2022 मध्ये आयुर्विमा महामंडळाचे साडेतीन टक्के भाग बाजारात विकले.

सरकार म्हणते, विदेशी पैसा आला की विमा घरोघरी पोहोचेल. आकडे काय सांगतात? देशाच्या उत्पन्नाशी विमा हप्त्यांचे प्रमाण 2020-21 मध्ये 4.2 टक्के होते. मर्यादा 74 टक्के केल्यानंतर, 2023-24 मध्ये ते 3.7 टक्क्यांवर आले. म्हणजे मर्यादा वाढली आणि प्रमाण घटले. गरिबाच्या हातात हप्ता भरायला पैसाच उरत नसेल, तर कंपनीचा मालक देशी असो की विदेशी, विमा विकला जाणार कसा?

आता आपला संबंध. मार्च 2015 मध्ये आयुर्विमा महामंडळाने रेल्वेच्या कामांसाठी पाच वर्षांत दीड लाख कोटी रुपये गुंतवण्याचा करार केला होता. लांब मुदतीचा एवढा पैसा द्यायला कोणता खाजगी विमावाला पुढे आला होता? विमेदाराच्या बचतीतून रूळ आणि पूल उभे राहतात, ते ती बचत सार्वजनिक हातात असते म्हणून.

दुसरा संबंध पेन्शनचा. 1 जानेवारी 2004 नंतर लागलेल्या आपल्या साथींच्या पगारातून दरमहा 10 टक्के कापले जातात. एप्रिल 2025 पासून एकीकृत पेन्शनचा पर्याय आला, तरी कपात सुरूच आहे. 2013 च्या पेन्शन कायद्यात फंड चालवणाऱ्या कंपन्यांतील विदेशी वाट्याची मर्यादा विमा क्षेत्राच्या मर्यादेशी बांधलेली आहे. विम्याचे दार सताड उघडले की पेन्शनच्या दाराची कडीही निघते. गँगमनच्या म्हातारपणाचा प्रश्न यात असा गुंतलेला आहे.

सगळेच वाईट झाले, असे आम्ही म्हणत नाही. 2024 च्या नियमांनी आरोग्य विम्यात जुन्या आजारासाठीची कमाल प्रतीक्षा चार वर्षांवरून तीनवर आणली. रुग्णालयातून घरी सोडताना विमा कंपनीने तीन तासांत अंतिम मंजुरी द्यावी, असे बंधनही घातले. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्यावरील 18 टक्के जीएसटी रद्द झाला. त्यासाठी कामगार संघटनांनी आवाज उठवला होता. पण सामूहिक विम्यावरचा कर तसाच ठेवला. स्वतंत्र पॉलिसी ज्याला परवडत नाही, त्या कंत्राटी सफाई कामगाराचा आधार सामूहिक विमाच असतो. सवलत त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. शंभर टक्क्यांची तरतूद मागे घ्या. चारही सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांचे एकत्रीकरण करा. तिघींचे विलीनीकरण 2018 च्या अर्थसंकल्पात जाहीर करून 2020 साली गुंडाळले, हे आम्ही विसरलेलो नाही. सामूहिक विम्यावरील जीएसटी रद्द करा. पेन्शन फंडाची विम्याच्या मर्यादेशी असलेली बांधणी तोडा आणि जुनी पेन्शन पुन्हा लागू करा.

विमा कर्मचारी तीस वर्षे ही लढाई लढत आले आहेत. आता कारशेडमध्ये, लॉबीत, स्टेशनांवर गेट मीटिंग घेऊन हा विषय प्रत्येक कामगारापर्यंत नेणे हे आपल्या शाखांचे काम आहे. पैसा आपल्या घामाचा आहे, त्याचा हिशेब मागायचा हक्कही आपलाच आहे.