रक्तदाब सावरला, केशवाहिन्यांचे काय?

सेप्सिसच्या रुग्णाचा रक्तदाब औषधांनी सावरतो. तरीही बोटाचे टोक काचपट्टीने १० सेकंद दाबून सोडले, की कित्येकदा रंग परतायला ३ सेकंदांहून जास्त लागतात. केशवाहिन्यांत रक्त नीट खेळतच नसते. तो प्रवाह राखणारे नायट्रिक ऑक्साइड आर्जिनिन या अमिनो आम्लापासून बनते, आणि सेप्सिसमध्ये आर्जिनिन घटते. मग ते बाहेरून द्यावे? घाई नको. नायट्रिक ऑक्साइड अति झाले तर रक्तदाब कोसळतो. आणि त्याची निर्मिती सरसकट रोखणाऱ्या औषधाच्या चाचणीत मृत्यू वाढले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली ही चाचणी मध्येच थांबवावी लागली होती. आम्हाला सिट्रुलिन या दुसऱ्या अमिनो आम्लाचा मार्ग अधिक आशेचा वाटतो, कारण त्याचे आर्जिनिन मुख्यतः मूत्रपिंडात हळूहळू बनते. पण सेप्सिसमध्ये इजा अनेकदा मूत्रपिंडालाच होते. अशा रुग्णांना वगळून चाचण्या करू नयेत, असा आमचा आग्रह आहे.