'कंडिशन टॉप, नो पेपर' : स्पोर्ट्स कारचं जुनं इंजिन ऑनलाइन घेणं महागात का पडू शकतं?

पाऊस उघडला की महाबळेश्वरच्या रस्त्यावर एक वेगळीच जत्रा भरते. पुण्या-मुंबईहून पहाटे निघालेल्या स्पोर्ट्स कार वाईवरून पसरणीचा घाट चढतात. पाचगणीला चहा होतो, वेण्णा लेकला फोटो होतात आणि दुपारपर्यंत त्याचे रील्स तुमच्या-आमच्या फोनवर येऊन पडतात.

असे दोन-चार रील्स बघितले की अल्गोरिदमला आपला कल समजतो. मग पुढची पोस्ट येते ती अशी : 'अ‍ॅक्सिडेंटल गाडीचं व्ही-सिक्स इंजिन. फक्त ३० हजार किलोमीटर. कंडिशन टॉप. नो पेपर. किमतीसाठी मेसेज करा.'

ज्याच्या सेकंड हँड गाडीचं इंजिन बसलंय, किंवा ज्याला साध्या गाडीत दणदणीत इंजिन टाकायचंय, त्याला ही लॉटरीच वाटते. कारण कंपनीकडून नवं इंजिन मागवलं, तर कधी कधी त्या पैशांत दुसरी गाडी येते.

पण त्या जाहिरातीत सगळ्यात महत्त्वाचे दोन शब्द 'कंडिशन टॉप' हे नाहीत. ते आहेत 'नो पेपर'. इंजिन स्वस्त का मिळतंय, याचं उत्तर बहुतेक वेळा त्या दोन शब्दांतच असतं. कसं, ते बघूया.

ही इंजिनं येतात कुठून?

चालू गाडीतून चांगलं इंजिन काढून कुणी सहसा विकत नाही. म्हणजे सुटं इंजिन बाजारात आलंय, तर त्या गाडीचं काहीतरी झालेलं असणार. इथे ढोबळमानाने पाच शक्यता असतात.

पहिली म्हणजे अपघात. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा रकमेच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, की विमा कंपनी ती गाडी 'टोटल लॉस' धरते. मग ती लिलावात जाते आणि तिथून सुटे भाग बाजारात येतात.

दुसरी शक्यता पुराची. तिसरी, वय झालं म्हणून भंगारात निघालेली गाडी. चौथी, परदेशातून आलेलं इंजिन. आणि पाचवी म्हणजे चोरीची गाडी.

शेवटची शक्यता सिनेमातली वाटत असेल, तर मेरठचा सोतीगंज बाजार आठवा. चोरीच्या गाड्यांचे सुटे भाग विकले जातात म्हणून हा बाजार देशभर बदनाम होता. २०२१ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांनी तिथे मोठी कारवाई केली आणि दुकानं बंद पडली. बाजार बंद झाला, तरी 'नो पेपर' मालाला मागणी आहे तोवर तो कुठून ना कुठून येतच राहतो.

आपल्याला फोनवर दिसतो तो फक्त एक फोटो. पाचपैकी कुठल्या वाटेने इंजिन आलंय, हे फोटोवरून कळत नाही. ते सांगतो फक्त कागद.

महाबळेश्वरचा पाऊस आणि सांगलीतली इंजिनं

पुराची गोष्ट सातारा-सांगलीच्या लोकांना वेगळी सांगायला नको. कृष्णा आणि कोयना दोन्ही महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात आणि कऱ्हाडला एकत्र येतात. वर पाऊस कोसळला, की खाली सांगलीचा जीव टांगणीला लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला आणि कृष्णाकाठाला पुन्हा पुराने गाठलं.

अशा पुरात पार्किंगमधल्या गाड्या छतापर्यंत बुडतात. अशा वेळी इंजिनाचं नेमकं काय होतं?

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर येताना हवा दाबली जाते. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. पाणी आत शिरलेलं असताना कुणी स्टार्टर मारला, तर पिस्टन वर येताना पाण्याला अडतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. याला हायड्रोलॉक म्हणतात.

इथे फसगत अशी होते, की रॉड थोडासाच वाकला असेल तर पाणी काढून, ऑइल बदलून इंजिन पुन्हा चालूही होतं. व्हिडिओत ते छान गुरगुरतं. पण पुढे कधीतरी घाटात दुसऱ्या गिअरवर जोर लागला, की तोच रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. शिवाय पुराच्या पाण्यातला गाळ ऑइलच्या बारीक वाटांमध्ये अडकतो आणि सिलिंडरच्या आत गंज धरतो, तो वेगळाच.

आणि पुराचं इंजिन सांगलीचंच असेल असं नाही. २००५ ची मुंबई, २०१५ ची चेन्नई, यादी मोठी आहे. एका शहरात बुडालेल्या गाडीचं इंजिन दुसऱ्या राज्यात 'अ‍ॅक्सिडेंटल' म्हणून विकलं गेलं, तर घेणाऱ्याला कळणार कसं?

इंजिन म्हणजे नुसता पार्ट नाही

टायर, आरसा, बंपर हे पार्ट आहेत. इंजिनाचं तसं नाही. प्रत्येक इंजिनावर नंबर कोरलेला असतो. तो नंबर आणि चेसिस नंबर मिळून गाडीची ओळख बनते. दोन्ही नंबर आरसीवर असतात, विम्यावर असतात, सरकारच्या 'वाहन' प्रणालीत असतात.

म्हणजे सुटं इंजिन विकत घेताना तुम्ही दुसऱ्या एका गाडीची अर्धी ओळख विकत घेत असता. ती गाडी चोरीची निघाली तर?

कायदा इथे सरळ आहे. १९३० च्या वस्तू विक्री कायद्याचं साधं तत्त्व आहे, की ज्याची मालकीच नाही, तो दुसऱ्याला मालकी देऊ शकत नाही. त्यामुळे तुम्ही पूर्ण पैसे मोजले असले, तरी चोरीचं इंजिन तुमचं होत नाही. पोलीस ते जप्त करू शकतात. त्यापुढे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ आहे. वस्तू चोरीची आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना ती घेतली, तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

'मला माहीत नव्हतं' असं म्हणता येईल. पण बाजारभावापेक्षा कितीतरी कमी किंमत, बिल नाही, आणि जाहिरातीतच 'नो पेपर' लिहिलेलं. मग संशय यायला कारण नव्हतं, हे पोलिसांना पटवणं सोपं नाही. नंबर घासलेला असेल तर विषयच संपला. आणि घासलेला नंबर फॉरेन्सिक लॅबमध्ये रासायनिक प्रक्रियेने पुन्हा वाचता येऊ शकतो.

आरटीओ काय म्हणतं?

समजा इंजिन चोरीचं नाही, पुराचंही नाही. तरी ते गाडीत बसवून थेट रस्त्यावर आणता येत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की कंपनीने गाडी जशी बनवली त्याच्याशी आणि आरसीवरच्या नोंदींशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन बदलून टाकायचं असेल तर वाट आहे, पण तिला आरटीओची परवानगी लागते आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो. म्हणजे महाबळेश्वरच्या माणसाची एमएच ११ गाडी असेल तर साताऱ्याचं आरटीओ आणि सांगलीच्या एमएच १० गाडीसाठी सांगलीचं.

आरटीओत गेल्यावर पहिला प्रश्न येणार : हे इंजिन कुठल्या गाडीचं? बिल कुठाय? 'नो पेपर' इंजिन इथेच अडकतं.

आणि छोट्या हॅचबॅकमध्ये भलत्याच कंपनीचं व्ही-सिक्स बसवणं? ते त्याच प्रकारात बसतच नाही. परवानगीशिवाय असे बदल केले तर कलम १८२ अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

दंड भरून सुटता येईल, असं वाटत असेल तर विम्याचा विचार करा. अपघात झाला की सर्व्हेअर येतो आणि आधी नंबर जुळवतो. पॉलिसीवर एक इंजिन नंबर आणि गाडीत दुसरा, असं निघालं तर क्लेम नाकारायला विमा कंपनीला आयतं कारण मिळतं. घाटात समोरच्या गाडीतल्या कुणाला लागलं असेल, तर ही भानगड किती महागात जाईल याचा हिशोब न केलेला बरा.

'जपानवरून आलंय भावा'

हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. जपानी इंजिनांचं नाव जगभर आहे आणि तिथल्या जुन्या इंजिनांचा व्यापारही मोठा आहे. पण आपल्याकडे वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर बंधनं आहेत. भांडवली यंत्रसामग्री सोडून इतर जुना माल आणायचा, तर विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो. म्हणजे जपानवरून खरंच आलं असेल, तर परवाना असेल आणि कस्टम्समध्ये भरलेलं बिल ऑफ एंट्रीही असेल. ते मागा. नसेल तर एक तर ते जपानवरून आलेलं नाही, किंवा ज्या वाटेने यायला हवं त्या वाटेने आलेलं नाही.

व्हिडिओत काय दिसत नाही?

विकणारा ३० सेकंदांचा व्हिडिओ पाठवतो. इंजिन जमिनीवर, टायरवर ठेवलेलं, वायरी जोडून चालू केलेलं. आवाज मस्त. यावरून एकच गोष्ट कळते, की त्या दिवशी ते इंजिन, म्हणजे व्हिडिओत दिसलं ते, चालू झालं.

सिलिंडरमध्ये दाब किती उरलाय, ते कम्प्रेशन टेस्टने कळतं. गळती कुठे आहे ते लीक-डाउन टेस्टने कळतं. आत ओरखडे किंवा गंज आहे का, ते बारीक कॅमेरा घालून बघावं लागतं. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी किंवा कूलंट मिसळलंय. ऑइलमध्ये चमकणारे धातूचे कण असतील तर आतली बेअरिंग झिजतायत.

स्पोर्ट्स कारमध्ये तर प्रत्येक मॉडेलचं स्वतःचं दुखणं असतं. पोर्शे ९११ च्या ९९६ पिढीतल्या बऱ्याच इंजिनांमधलं आयएमएस बेअरिंग, किंवा बीएमडब्ल्यू एम३ च्या व्ही-एट इंजिनातली रॉड बेअरिंग, ही जगभर चर्चेत राहिलेली उदाहरणं आहेत. हे बेअरिंग गेलं तर अख्खं इंजिन जाऊ शकतं.

त्यात आजचं इंजिन एकटं चालत नाही. त्याला त्याचाच ईसीयू, वायरिंग, सेन्सर लागतात. ईसीयू बऱ्याचदा मूळ गाडीच्या चावीशी जोडलेला असतो. नुसतं इंजिन आणलं आणि बाकी काहीच नाही, तर गाडी महिनोन्‌महिने गॅरेजमध्ये पडून राहते.

आणि शेवटी घाट. वाई ते पाचगणी चढताना इंजिनावर सलग भार येतो, कूलंट तापतं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३७० मीटर उंच आहे, तिथे हवा विरळ, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद आपोआप कमी होते. सपाट रस्त्यावर लपलेला हेड गॅस्केटचा दोष अशा चढावर उघडा पडतो. तोवर विकणाऱ्याचं अकाउंट कदाचित डिलीटही झालेलं असेल.

पैसे गेले तर?

'टोकन पाठवा, आजच ट्रान्सपोर्टला टाकतो' इथेच अनेकांचे पैसे जातात. बिल्टीचा फोटो येतो, इंजिन येत नाही. असं झालं तर लाजत बसू नका. लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे पुढे जाण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

विकणारा नोंदणीकृत व्यापारी असेल आणि बिल असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ कामाला येतो. त्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, त्यासाठी दिल्लीला खेपा घालाव्या लागत नाहीत. पण इन्स्टाग्रामवरच्या अनोळखी हँडलकडून, बिलाशिवाय घेतलं असेल, तर तक्रार करायची कुणाविरुद्ध?

मग घ्यायचंच नाही का?

तसं नाही. जुनं इंजिन घेणं हा गुन्हा नाही आणि योग्य वाटेने मिळालं तर पैसेही वाचतात. फक्त क्रम बदला. आधी कागद, मग इंजिन, मग पैसे.

एक, इंजिन नंबरचा स्पष्ट फोटो आणि मूळ गाडीचे कागद मागा. गाडी कायमची निकामी झाली, तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी रद्द करून घ्यायची असते. तो रद्द झाल्याचा कागद असायला हवा. गाडी अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात गेली असेल तर तिथलं प्रमाणपत्र असतं.

दोन, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या डिजिटल पोलीस पोर्टलवर गाडीचे नंबर टाकून ती चोरीच्या नोंदीत आहे का, ते तपासता येतं.

तीन, पैसे देण्याआधी आपल्या आरटीओत विचारा, की हे इंजिन माझ्या आरसीवर चढेल का.

चार, आपला मेकॅनिक घेऊन प्रत्यक्ष जा, कम्प्रेशन टेस्ट समोर करून घ्या. प्रवासाला हजार-दोन हजार गेले तरी चालतील.

पाच, इंजिन नंबर लिहिलेलं जीएसटी बिल घ्या. बदल झाला की विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्या.

यातली एखादी गोष्ट मागितल्यावर समोरचा म्हणाला, 'भावा, एवढं कोण बघतं, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे', तर ते इंजिन त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला घेऊ द्या. घाटात बंद पडलेली गाडी ढकलायला चार लोक येतात. पण चौकीत 'हे इंजिन कुठून आणलं' असं विचारल्यावर आपल्या बाजूने बोलायला कागदाशिवाय कुणीच नसतं.